तीस पौंडांचा काटा: एका जुन्या पिकअपच्या डॅशबोर्डचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी १९५१ सालची शेवरोले ३१००. अर्ध्या टनाची पिकअप, स्टिअरिंग उजवीकडे. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला १९२८ पासून जोडणीचा कारखाना होता, तो १९५४ मध्ये बंद झाला. ही गाडी तिथेच उभी राहिली असं घरात सांगतात, आणि ते न पटण्यासारखं काही मला दिसलं नाही.

मालकांना इथे बापू म्हणतो. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पुरंदर तालुक्यात अंजीर-सीताफळाची बाग, बिऱ्हाड हडपसरला. बापूंच्या आजोबांनी ही गाडी एका ठेकेदाराकडून जुनी म्हणून घेतली. पहाटे अंजिरांच्या पाट्या भरायच्या, दिवे घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत मंडई गाठायची, असा तिचा क्रम होता. पुढे घरात डिझेलचा टेम्पो आला आणि ही गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. तिथे तिच्यावर कोंबड्या बसायच्या.

बापूंची इच्छा एकच होती, आणि ती शेवटपर्यंत बदलली नाही: गाडी पुण्यात दुरुस्त करायची आणि स्वतः चालवत दिवे घाट चढून गावी न्यायची. रॅलीत उभी करून फोटो काढायला नव्हे. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण मीटर कोणते लावायचे हे शेवटी याच इच्छेवरून ठरलं.

मी चिंचवडच्या एका कारखान्यात तीसेक वर्षं प्रेशर गेज आणि थर्मामीटर तपासून शिक्के मारले. गाड्यांतला जाणकार नाही, काट्यांतला आहे. या प्रकरणात मी मधेच आलो. त्याआधीचं बापूंकडून आणि मिस्त्रींकडून ऐकलेलं आहे. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तिथे मी बिलं पाहिली.

डॅशबोर्ड मुळात कसा होता

या गाडीत ड्रायव्हरसमोर दोन मोठी गोल तोंडं असतात. एकात स्पीडोमीटर. दुसऱ्यात चार छोटे काटे एकत्र: पेट्रोल, पाण्याचं तापमान, ऑइलचा दाब आणि बॅटरीचा ॲमीटर, म्हणजे करंट मोजणारा काटा. चारही काटे एकाच तत्त्वावर चालत नाहीत. ऑइलचा काटा निव्वळ यांत्रिक: इंजिनातून बारीक नळी थेट मीटरच्या पाठीत येते, आत वाकवलेली पितळी चपटी नळी असते, दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा ओढते. तापमानाचा काटाही त्याच जातीचा, फक्त त्याची नळी सीलबंद. तिच्या इंजिनाकडच्या टोकाला एक बोंड, त्यात ईथर. पाणी तापलं की ईथरची वाफ दाब धरते. पेट्रोलचा काटा विजेवर चालतो, आणि ॲमीटरमधून चार्जिंगचा करंट स्वतः जातो.

हे मूळ मीटर मिस्त्रींनी पहिल्याच आठवड्यात काढून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकले होते. एकाची काच फुटलेली. तापमानाची नळी कुणीतरी पक्कडीनं कापलेली, म्हणजे ईथर केव्हाच उडून गेलेलं. ॲमीटरच्या मागचं पुठ्ठ्याचं इन्सुलेशन करपलेलं. मिस्त्रींनी ‘भंगार’ म्हणून निकाल दिला आणि बापूंनी मान डोलावली. डबा फेकला नाही हे नशीब.

अडचण कशी उभी राहिली

बापूंचा भाचा कॅलिफोर्नियात असतो. तो दिवाळीला येताना मीटरचा नवा संच घेऊन आला: जुन्या तोंडवळ्याचे, पांढऱ्या तबकडीचे, १२ व्होल्टवर चालणारे, मूळ भोकांत बसणारे. दिसायला फार देखणे. तेव्हा इंजिन अजून खोललेलं नव्हतं आणि वायरिंग ६ व्होल्टचं राहणार की १२चं, हेही ठरलेलं नव्हतं. मीटर मात्र आले होते. हा पहिला निर्णय, आणि तो कुणी घेतलाच नाही. तो बॅगेतून आला.

मग इंजिन झालं, रंग झाला, डॅशबोर्डला पावडर कोटिंग झालं, मीटर बसले. गाडी सुरू झाली. त्या दिवशी पेढे वाटले.

आठवड्याभरात दोन भानगडी झाल्या.

पहिली विनोदी. अमेरिकन मीटरला लागणारा फ्लोट, म्हणजे टाकीतली पातळी मीटरला कळवणारा भाग, या टाकीत बसेना, म्हणून मिस्त्रींनी नाना पेठेतून बाजारात मिळणारा फ्लोट आणून बसवला. टाकी भरली तर काटा पाव भागावर. मिस्त्री म्हणाले, चालवा, बसेल जागेवर. बापू चालवत राहिले आणि काटा हळूहळू वर जायला लागला. जितकं पेट्रोल जळेल तितका काटा वर. त्यांना वाटलं, मीटर सुधारतंय. हडपसरच्या गाडीतळाशी काटा ‘फुल्ल’च्याही पलीकडे गेला आणि गाडी बंद पडली. टाकी कोरडी.

कारण साधं होतं. ते अमेरिकन मीटर रिकाम्या टाकीला २४० ओहम (विजेच्या रोधाचं माप) आणि भरलेल्याला ३३ ओहम धरून चालणारं होतं. इथला फ्लोट बरोबर उलटा: रिकाम्याला १०, भरलेल्याला १८०. दोन्ही वस्तू आपापल्या जागी निर्दोष होत्या, एकमेकींची भाषा मात्र वेगळी. आणि गाडीचं मूळ मीटर तिसऱ्याच भाषेतलं, रिकाम्याला ० आणि भरलेल्याला ३० ओहम.

दुसरी भानगड विनोदी नव्हती. नव्या ऑइल मीटरवर ० ते १०० पौंड (दर चौरस इंचाला) असे आकडे होते. गाडी चालताना काटा बारा-तेरावर, आणि गरम इंजिन सिग्नलला उभं राहिलं की पाचावर, म्हणजे जवळजवळ खुंटीला टेकलेला. मिस्त्रींचं आयुष्य डिझेल गाड्यांवर गेलेलं. ‘बापू, प्रेशरच नाही. अशी चालवली तर क्रँक जाईल.’ त्यांच्या अनुभवातल्या इंजिनांसाठी हे अगदी खरं आहे.

चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, उतरवला. व्हाइट मेटलची बेअरिंगं पाहिली. ती ठीक होती, तरी शिम (मधल्या पातळ पट्ट्या) काढून घट्ट केली. ऑइल पंप खोलला. रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर घातला. जाड ऑइल भरलं. काटा तेरावरून चौदावर गेला. परत चेंबर उतरवला. सव्वा महिना आणि चाळीस हजारांच्या आसपास पैसे गेल्यावर मिस्त्री म्हणाले, दुसरं इंजिन टाकू, मॅटाडोरचं डिझेल मिळतंय. त्या रात्री बापूंनी मला फोन केला. ओळख माझ्या मेहुण्यामार्फतची.

मी गेलो तेव्हा

माझ्याकडे ० ते २ किलोचं (दर चौरस सेंटिमीटरला) तपासलेलं गेज होतं. ऑइलच्या नळीत टी लावून ते जोडलं. इंजिन गरम, मध्यम गतीला ०.९ किलो, म्हणजे तेरा पौंडांच्या जरासं खाली. नवं मीटर खोटं बोलत नव्हतं. मिस्त्री माझ्याकडे ‘सांगितलं होतं ना’ अशा नजरेनं बघत होते.

मी विचारलं, ‘मूळ मीटर कुठंय?’

डबा आला. वर कोंबडीचं पीस चिकटलेलं. ऑइलचा छोटा मीटर हातात घेतला, तबकडीवर तेलकट काळपट थर होता. अंगठ्याला थुंकी लावून पुसलं. शून्य दिसलं. उजव्या टोकाकडे घासत गेलो आणि आकडा उमटला: ३०.

कारखान्यानं या इंजिनाला बनवलेला मीटरच तीस पौंडांत संपत होता. तेरा-चौदा पौंड म्हणजे काटा जवळपास मधोमध. आजोबांनी आयुष्यभर तो मधोमध पाहिला असणार आणि एकदाही घाबरले नसणार.

त्या काळचं शेवरोलेचं २१६ घन इंची, सुमारे साडेतीन लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन कमी दाबावरच चालायला बनवलेलं आहे. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, ज्यांवर फिरतो त्या मेन बेअरिंगला तेल दाबानं जातं. पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडला तसं जात नाही. रॉडच्या तळाशी पळीसारखे डिपर असतात, ते चेंबरमधल्या पन्हळीतलं तेल उचलतात, आणि गती वाढली की नोझलमधून उडणारी धार नेमकी त्या पळीवर बसते. दाबानं तेल ढकलायची गरजच अर्धी. १९५४ पासून पिकअपमध्ये आलेलं २३५ घन इंची इंजिन मात्र पूर्ण दाबाचं होतं, आणि त्याबरोबर मीटरही ६० पौंडांपर्यंतचा आला. म्हणजे इंजिन बदललं तेव्हा कंपनीनं मीटरची पट्टी बदलली होती. आम्ही इंजिन तेच ठेवून पट्टी बदलली.

मिस्त्रींनी तो छोटा मीटर माझ्या हातातून घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, ‘हे आधी कुणी पुसलं असतं तर?’ मी काही बोललो नाही. डबा त्यांच्याच कपाटावर होता हे त्यांनाही माहीत होतं.

समोर आलेले पर्याय

त्या रविवारी बापू, त्यांचे चिरंजीव, मिस्त्री आणि मी असे चौघं चहा घेत बसलो. चार वाटा निघाल्या.

पहिली: अमेरिकन संच ठेवायचा, फक्त ऑइलचा मीटर बदलायचा आणि जुळणारा फ्लोट शोधायचा. सगळ्यांत सोपं. चिरंजीव याच मताचे. अडचण अशी की त्या संचात एक मीटर वेगळ्या तबकडीचा दिसला असता, आणि इतक्या कमी ऑइलदाबाचा जोडीदार मीटर त्या मालिकेत नव्हता.

दुसरी: ट्रॅक्टर-जीपला लागतात ते इथले मीटर. स्वस्त, टिकाऊ, बिघडला तर तासाभरात दुसरा हजर. मला ही वाट मनापासून आवडते आणि रोज चालवायच्या गाडीला मी हीच सांगतो. पण भोकांचे व्यास जुळत नव्हते, आणि डॅशच्या खाली पट्टी लावून त्यावर मीटर टांगायला बापू तयार नव्हते. ‘ट्रॅक्टर करायचा असता तर ट्रॅक्टर घेतला नसता का?’

तिसरी: जुन्या तबकड्या, जुने काटे, पण आत आजचे सेन्सर आणि छोट्या मोटरी. हे काम करून देणारे लोक आहेत. सुबक होतं. मात्र उद्या बिघडलं तर गावात कुणाला हात लावता येणार नाही.

चौथी: डब्यातलेच मीटर दुरुस्त करायचे.

मध्ये एकदा बापूंनी आरटीओचा मुद्दा काढला. २०२१ मध्ये केंद्रानं पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. मीटर बदलल्यानं काही अडेल का, अशी त्यांना धास्ती. त्या नियमांचा रोख चासी, बॉडी आणि इंजिन यांतल्या मोठ्या फेरफारांवर आहे. मीटरच्या तबकडीसाठी कुणी अडवेल असं मला वाटत नाही. उलट मॅटाडोरचं इंजिन टाकलं असतं तर प्रश्न आला असता. ते ऐकून मिस्त्रींनी चहा संपवला.

निर्णय चौथ्या वाटेचा झाला. आठवणींना तिथे थोडा मान होता, पण माझ्या दृष्टीनं कारण वेगळं: घाटात चढताना ड्रायव्हरला आकडे वाचायला वेळ नसतो, तो काट्याची जागा बघतो. काटा मधोमध असला म्हणजे ठीक, हे एका नजरेत कळायचं असेल तर पट्टी त्या इंजिनाच्या मापाचीच हवी.

एकेका काट्याचं काम

ऑइल. सर्वांत कमी काम यालाच लागलं. रॉकेलनं धुतला, आतला दातेरी तुकडा मोकळा केला, माझ्या गेजशी ताडून पाहिला. तीस पौंडांच्या पट्टीवर अर्ध्या पौंडाची चूक, मी समाधानी. नळी तांब्याची नवी. डॅशपाशी तिला दोन वेटोळी द्यायला लावली, म्हणजे इंजिनाच्या थरथरीनं ती सांध्याशी तुटत नाही. स्प्रिंगखालचा वॉशर काढला.

इथे एक विचार करून सोडून दिलेली गोष्ट आहे. चिरंजीवांना लाल दिवाही हवा होता, प्रेशर गेलं की पेटणारा. जीपचा स्विच लावून पाहिला. तो ज्या दाबाला पेटतो, त्याच दाबाला हे इंजिन गरम असताना आयडलला, म्हणजे जागेवर मंद चालताना, असतं, त्यामुळे प्रत्येक सिग्नलला दिवा लुकलुकायचा. चार दिवसांत ड्रायव्हर अशा दिव्याकडे बघणं सोडतो. काढून टाकला.

तापमान. हे काम सर्वांत रंजक आणि थोडं धोक्याचं. कापलेल्या नळीला जोड द्यायचा तर आत नवं ईथर हवं. युक्ती अशी, की यांत्रिक तापमान-मीटर एक स्वस्तातला नवा घ्यायचा, त्याची नळी आणि ईथर भरलेलं बोंड वापरायचं, आणि ती नळी कापून जुन्या मीटरच्या नळीला जोडायची. कापल्या क्षणी ईथर उडू नये म्हणून बोंड गार ठेवावं लागतं.

मंगळवार पेठेतले एक फ्रिज दुरुस्त करणारे गृहस्थ बारीक नळ्या डाग देऊन जोडण्यात वाकबगार आहेत. त्यांच्या दारात घमेल्यात बर्फ फोडला, वर जाडं मीठ टाकलं, कुल्फीवाले करतात तसंच, आणि बोंड त्यात पुरलं. वीस मिनिटं थांबलो. ईथर झटकन पेट घेतं, म्हणून गॅसची शेगडी गल्लीच्या टोकाला नेली आणि जोडाला फक्त विजेची इस्त्री वापरली, म्हणजे डाग द्यायची. नळी कापली, दोन्ही टोकं पितळेच्या सुईएवढ्या बाहीत घातली, डाग दिला. सगळं मिळून दोन मिनिटं. गृहस्थांनी तोवर श्वास रोखून धरला होता, आणि मीही. हे घरी कुणी एकट्यानं करू नये.

तपासणी पातेल्यात. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, त्यामुळे इथे पाणी शंभराला नव्हे, ९८ अंशांच्या आसपास उकळतं; मीटर फॅरनहाइटचा, म्हणजे काटा २०८-२०९ ला यायला हवा. तो २०५च्या जवळ थांबला. काटा अक्षावर किंचित फिरवून जुळवला.

इथेच माझी चूक झाली. तबकडी साफ करायला मी थिनर वापरला. ऑइलच्या मीटरवर थुंकीनं जे झालं ते या मीटरवर थिनरनं होईल असं का वाटलं, माहीत नाही. अक्षरं बोळ्यावर उतरून आली. शेवटी नारायण पेठेतल्या एका लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून स्क्रीन प्रिंटिंगनं तबकडी करून घेतली. आकड्यांचं वळण मूळच्या जवळ आहे, तेच नाही. चारांपैकी एक तबकडी आज जरा जास्त उजळ दिसते. बापू काही म्हणत नाहीत. माझी नजर मात्र दर वेळी तिथेच जाते.

पेट्रोल. मीटरची गुंडाळी शाबूत होती. तपकीर गल्लीतून ०, १५ आणि ३० ओहमसाठी रेझिस्टर आणले, मीटरला एकेक जोडून पाहिले: रिकामा, अर्धा, भरलेला. काटा तिन्ही ठिकाणी नीट. मग ० ते ३० ओहमचा फ्लोट अमेरिकेहून मागवला, तो जुन्याच भोकांवर बसला. या गाडीत टाकी केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे असते, त्यामुळे बसवायला सोपं. पण वास आला तर दुर्लक्ष करायचं नाही.

मीटर ६ व्होल्टचा, गाडी आता १२ची. या जातीचं मीटर दोन गुंडाळ्यांच्या तोलावर चालतं, त्यामुळे व्होल्टेज वाढलं तरी वाचन फारसं बदलत नाही, गुंडाळी मात्र तापते. म्हणून ७८०६ नावाचा, सहा व्होल्ट देणारा रेग्युलेटर ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवून मीटरच्या आधी टाकला. चहा-बिस्किटाच्या पैशात काम झालं.

तरीही पहिल्या दिवशी काटा ‘फुल्ल’च्या पलीकडे. बापूंचा चेहरा पडला. कारण पावडर कोटिंग. रंगाच्या त्या जाड थरानं डॅशबोर्ड आणि मीटर यांच्यामधली अर्थिंगच तोडली होती. अशा मीटरमध्ये तार तुटली किंवा अर्थिंग गेलं की काटा भरलेलं दाखवतो. मीटरपासून आणि टाकीपासून स्वतंत्र अर्थिंगच्या तारा चासीला ओढल्या.

ॲमीटर. यावर माझं आणि बापूंचं वाजलं. आधीच्या कुणीतरी डायनॅमो काढून मारुतीचा ऑल्टरनेटर बसवलेला होता. जुन्या ॲमीटरमधून त्याचा सगळा करंट न्यायचा म्हणजे डॅशबोर्डमागे शेगडी ठेवणं. करपलेला पुठ्ठा त्याचीच साक्ष देत होता. माझं म्हणणं, काटा शोभेचा ठेवा आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये व्होल्टमीटर लावा. बापूंना हलता काटा हवा होता. ‘आजोबा काचेवर टिचकी मारायचे. काटा चार्जकडे गेला की म्हणायचे, चला.’

शेवटी मधला मार्ग काढला. ऑल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत जाड केबल थेट, फ्यूजसकट. त्या केबलच्याच दोन टोकांना दोन बारीक तारा जोडल्या आणि ॲमीटरला नेल्या, दोन्हींना सुरुवातीलाच छोटे फ्यूज. म्हणजे केबल हाच शंट झाला; मुख्य करंट बाहेरून जातो, त्याचा अगदी लहान हिस्सा मीटरमधून. काटा हलतो, आकडा खरा नसतो, दिशा खरी असते. व्होल्टमीटर तरीही ग्लोव्ह बॉक्समध्ये लावला, मी हट्टानं.

स्पीडोमीटर. फार लिहिण्यासारखं नाही. आतलं ग्रीस गोंदासारखं झालेलं, ते एका जुन्या मीटरवाल्यानं काढून दिलं. अमेरिकन पद्धतीत केबलचे मैलाला हजार फेरे धरलेले असतात. टायर ६.००-१६च ठेवले, जीपचं माप असल्यामुळे ते इथे सहज मिळतात. टायर मूळ मापाचे म्हणून वाचनही जागेवर राहिलं. मोबाइलच्या जीपीएसशी ताडून पाहिलं, फरक किरकोळ. तबकडी मैलांचीच ठेवली. काचेच्या आतून ३१ आणि ५० मैलांशी दोन लाल ठिपके दिले: ५० आणि ८० किलोमीटर.

निकाल

फेब्रुवारीतल्या एका सकाळी साडेसहाला हडपसरहून निघालो. बापू चालवायला, मी शेजारी, मिस्त्री मागे हौद्यात दोन कॅन पाणी घेऊन. निघण्याआधी बापूंनी ॲमीटरच्या काचेवर टिचकी मारली. गरज नव्हती.

वडकी ओलांडून घाट सुरू झाला. दुसऱ्या गिअरमध्ये ऑइलचा काटा तबकडीच्या मध्याच्या जरा डावीकडे, हलला नाही. तापमान मात्र चढत गेलं. तिसऱ्या वळणाला काटा दोनशेच्या पुढे. बापूंनी स्वतःहून गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं. गरम आयडलला ऑइल पाच पौंडांवर आलं. काही महिन्यांपूर्वी याच पाचावर चेंबर उतरला होता. आता बापू त्याकडे बघून मिस्त्रींना म्हणाले, ‘पाच आहे हो.’ मिस्त्री म्हणाले, ‘असू द्या की. तिचं तेवढंच असतं.’

दहा मिनिटांनी काटा १८० पर्यंत उतरला. पुढे एकदाही थांबावं लागलं नाही. वर विठोबाच्या मूर्तीपाशी चहा झाला. गावात पोहोचलो तेव्हा पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या खाली होता, आणि टाकीत काठी बुडवून पाहिली तर खरोखरच अर्ध्याच्या खाली होतं.

अमेरिकन संच भाच्याच्या मित्राला दिला. त्याच्या गाडीला ० ते १०० पौंडांचं मीटर शोभतं. फ्लोटही बरोबर दिला आणि डब्यावर मार्करनं ‘२४०–३३’ लिहून ठेवलं.

आज पुन्हा करायचं तर

क्रम बदलला असता. आधी इंजिन कोणतं राहणार, मग व्होल्ट किती, मग टाकीचा फ्लोट कोणत्या ओहमचा, आणि हे तिन्ही कागदावर आल्यावर मीटर. बापूंच्या बाबतीत हे बरोबर उलट झालं, आणि चाळीस हजारांचा खड्डा तिथेच पडला. त्यात मिस्त्रींचा दोष मी कमी धरतो. कमी दाब दिसल्यावर इंजिन उघडणारा मिस्त्री न उघडणाऱ्यापेक्षा बरा. पण उघडण्यापूर्वी मूळ तबकडीवरचा शेवटचा आकडा वाचायला एक मिनिट लागलं असतं.

जुने मीटर काढताना फोटो काढले असते, तारांचे रंग लिहिले असते. डब्यातून एक स्क्रू आणि दिव्याची एक खोबण गायब होती. ती मी रविवारच्या जुन्या बाजारात दोन महिने शोधली.

पावडर कोटिंगच्या आधी मीटर बसतात तिथल्या कडा झाकून घ्यायला सांगितल्या असत्या.

ॲमीटरबद्दल मी अजून साशंक आहे. काम चोख झालंय, फ्यूज आहेत, तरीही दुसऱ्या कुणी विचारलं तर मी व्होल्टमीटरच सांगेन. बापूंच्या गाडीत मात्र आता त्याला हात लावणार नाही.

आणि थिनर वापरला नसता. कोमट पाणी, बाळाचा साबण, कापसाचा बोळा आणि कुठल्याही कोपऱ्यात आधी करून पाहणं. तीस वर्षं मी नव्या पोरांना हेच सांगत आलो होतो.

एक काम राहिलंय. थंडीच्या सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर स्पीडोमीटरची केबल बारीक किंचाळते, मग गप्प होते. मिस्त्री म्हणतात केबल बदलू. मला वाटतं गिअरबॉक्सकडच्या टोकाला तिचं वळण फार तीव्र आहे. पावसाळ्यानंतर उघडून बघायचं ठरलं आहे.